इंटेलच्या लॅपटॉपला एएमडी नावाची फाइल कशी चालेल?

विंडोज १० चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा नूरच पालटला. पूर्वी 'कोणता लॅपटॉप घेऊ' असं विचारणारे आता 'घरात आहे त्याच्या पोटात नेमकं काय आहे' असं विचारतात. दुकान चालवणाऱ्या बाईनं असं म्हणू नये, पण मला हा बदल आवडला. या अंकात त्यातलीच काही पत्रं घेते. कमांड इथं देवनागरीत छापल्या आहेत. तुम्ही त्या इंग्रजी कळफलकावर, छोट्या अक्षरांत टाइप करायच्या.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझा लॅपटॉप इंटेल आय-३ चा, दहा वर्षं जुना. विंडोज काढून उबुंटू ही मोफत लिनक्स सिस्टिम टाकायचं ठरवलं. संकेतस्थळावर दोन फाइली होत्या. एकीच्या नावात एएमडी ६४, दुसरीच्या नावात एआरएम ६४. इंटेलची कुठंच नाही! भाचा म्हणाला, एएमडी म्हणजे इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी, ती फाइल घेऊ नका. म्हणून दुसरी उतरवली. आता लॅपटॉप त्या पेनड्राइव्हकडे ढुंकूनही बघत नाही. पेनड्राइव्ह खराब आहे का? – निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

उत्तर : सर, पेनड्राइव्ह ठणठणीत आहे. तुम्हाला हवी होती ती एएमडी ६४ चीच फाइल. भाच्याला रागावू नका, कंपनीबद्दल त्यानं सांगितलं ते खरंच आहे. फक्त फाइलीच्या नावातलं एएमडी कंपनी सांगत नाही, आर्किटेक्चर सांगतं.

प्रत्येक प्रोसेसरला काही मूळ आज्ञा कळतात. ही संख्या त्या संख्येत मिळव, मेमरीतल्या अमुक जागेवरून आण, तमुक जागी ठेव. या आज्ञांचा ठरलेला संच म्हणजे आर्किटेक्चर. प्रोग्रॅम शेवटी या आज्ञांमध्येच उतरतो, म्हणून तो ज्या संचासाठी बनवला त्याच संचाच्या प्रोसेसरवर चालतो. मिरजेतल्या दोन कारागिरांच्या सतारी घ्या. भोपळा वेगळा, लाकूड वेगळं, पण पडद्यांची मांडणी तीच, त्यामुळे वाजवणाऱ्याची बोटं अडत नाहीत. इंटेल आणि एएमडी हे असे दोन कारागीर. एआरएम म्हणजे सरोद. तिथं पडदेच नाहीत.

मग नाव एएमडीचं का? हा संच मुळात इंटेलचा. १९७८ च्या ८०८६ या १६-बिट चिपपासून (बिटांचा आकडा म्हणजे चिप एका दमात किती मोठी संख्या हाताळते ते) तो सुरू झाला, १९८५ मध्ये ८०३८६ आली तेव्हा ३२-बिट झाला. ६४-बिटची वेळ आली तेव्हा इंटेलनं एचपी कंपनीला बरोबर घेऊन जुनं सगळं बाजूला ठेवलं आणि इटानियम नावाचा पूर्ण नवा संच काढला. २००१ मध्ये तो बाजारात आला. लोकांचे जुने प्रोग्रॅम त्यावर रखडत चालायचे. एएमडीनं साधा मार्ग धरला : जुना संच तसाच ठेवून त्यालाच ६४-बिटची जोड दिली. एप्रिल २००३ मध्ये त्यांची ऑप्टेरॉन चिप आली, लोकांना पटली, आणि २००४ मध्ये इंटेललाही तोच संच आपल्या चिपमध्ये घालावा लागला. इटानियम कसंबसं २०२१ पर्यंत विकलं गेलं. लिनक्सच्या काही मंडळींनी, त्यात डेबियन आलं आणि त्यावर उभं असलेलं उबुंटूही आलं, पहिल्या जोडकामाचं एएमडी ६४ हे नाव तसंच ठेवलं.

तेव्हा एएमडी ६४, एक्स ८६-६४, एक्स ६४, इंटेल ६४ ही चारही नावं एकाच गोष्टीची. यांपैकी कुठलंही दिसलं की डोळे मिटून उतरवा. नुसतं एक्स ८६, आय ३८६ किंवा आय ६८६ दिसलं तर ती ३२-बिटची जुनी पिढी. एआरएम ६४ आणि एआर्च ६४ हे एकच, आणि ते तुमच्या फोनचं कूळ.

प्रश्न : दुकानातून ४ जीबीची आणखी एक रॅम बसवून घेतली. आता ८ जीबी दिसतात, पण पुढे कंसात '३.४३ जीबी वापरण्याजोगी' असं येतं. दुकानदाराने जुनी रॅम तर गळ्यात मारली नाही ना? – गृहिणी, बार्शी

उत्तर : दुकानदार निर्दोष आहे. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात अबाउट उघडा. तिथं 'सिस्टिम टाइप' अशी एक ओळ असते. तुमच्याकडे ती बहुधा अशी असेल : '३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स ६४-बेस्ड प्रोसेसर'. लोक ही ओळ स्वल्पविरामापर्यंतच वाचतात आणि 'माझा कॉम्प्युटर ३२-बिट आहे' म्हणून मोकळे होतात. पहिला भाग विंडोजबद्दल आहे, दुसरा चिपबद्दल. तुमची चिप ६४-बिटची आहे, तिच्यावर कुणीतरी ३२-बिटचं विंडोज टाकून ठेवलंय.

३२ बिटांत मेमरीचे पत्ते लिहायचे तर जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होतात, म्हणजे ४ जीबी. त्यातलेही काही पत्ते ग्राफिक्स आणि इतर भागांसाठी राखीव जातात, म्हणून साडेतीनच्या आसपास आकडा दिसतो. (जाणकार वाचक लगेच लिहितील की १९९५ च्या पेंटियम प्रो पासून ३२-बिट चिपलाही याहून जास्त मेमरी वापरायची सोय होती. होती, पण घरगुती विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टनं ४ जीबीची मर्यादा ठेवली.)

उपाय म्हणजे ६४-बिट विंडोज नव्यानं टाकणं. आहे त्याच्यावर चढवून चालत नाही, डिस्क पुसून टाकावं लागतं. तेव्हा फोटो आणि कागदपत्रं आधी बाहेरच्या डिस्कवर काढा. परवाना मात्र नवा घ्यावा लागत नाही. विंडोज १० ची परवाना-की ३२ आणि ६४ दोन्हींना चालते, त्यामुळे कुणी त्याचे वेगळे पैसे मागितले तर देऊ नका.

प्रश्न : आमच्या दूध संस्थेचा हिशोब फॉक्सप्रोमध्ये केलेल्या डॉसच्या (विंडोजच्या आधीच्या सिस्टिमच्या) प्रोग्रॅमवर वर्षानुवर्षं चालतोय. फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) टाकलं की दर निघतो, दहा दिवसांची बिलं डॉट-मॅट्रिक्स प्रिंटरवर धडाधड छापून होतात. मशीन बंद पडलं म्हणून नवीन घेतलं. त्याच्यावर प्रोग्रॅम क्लिक केला की 'हे अॅप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही' एवढंच येतं. विक्रेता म्हणतो कंपॅटिबिलिटी मोड (प्रोग्रॅमला जुनं विंडोज असल्याचं भासवणारी सेटिंग) लावा. लावला, फरक नाही. संचालक म्हणतात नवीन मशीनच परत करा. – सचिव, दूध उत्पादक संस्था, वाळवा तालुका

उत्तर : सचिवसाहेब, मशीन परत करू नका. बदलून जे दुसरं मिळेल तेही हेच म्हणेल. आणि कंपॅटिबिलिटी मोडचा सल्ला म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

घोडं कुठं पेंड खातंय ते सांगते. तुमचा प्रोग्रॅम १६-बिटच्या काळातला. ३२-बिट विंडोजला तो चालवता यायचा, कारण ३८६ पासूनच्या चिपमध्ये जुन्या ८०८६ चं सोंग घेण्याची एक सोय आहे. विंडोज त्या सोयीवर डॉसचा छोटासा मांडव घालायचं आणि आत प्रोग्रॅम चालायचा. पण हीच चिप ६४-बिटच्या अवस्थेत गेली की ही सोय बंद होते. एएमडीनं ६४-बिटची जोड दिली तेव्हाच ती त्या अवस्थेतून वगळली गेली. त्यामुळे मायक्रोसॉफ्टनं ६४-बिट विंडोजमध्ये डॉसचा तो भाग दिलाच नाही. आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येतं, ३२-बिटवाली शेवटची आवृत्ती १० होती. म्हणजे चिपमध्ये ताकद आहे, पण नव्या विंडोजखाली ती तुमच्या उपयोगाची नाही.

यातून मार्ग आहे. डॉसबॉक्स-एक्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर मिळतं. ते प्रोसेसरच्या आज्ञांचीच नक्कल सॉफ्टवेअरमध्ये करतं, त्यामुळे खाली कुठली चिप आहे याच्याशी फॉक्सप्रोला देणंघेणं राहत नाही. साधं डॉसबॉक्स खेळांसाठी बनलंय. एक्सवाल्यात छपाईची सोय आहे, आणि तुमचा जीव बिलांत अडकलाय, म्हणून एक्सच घ्या. जुन्या डिस्कवरचा प्रोग्रॅमचा अख्खा फोल्डर नव्या मशीनवर आणा. त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर, एक संस्थेच्या कपाटात. मग प्रतीवरच चाचणी करा. मागच्या एखाद्या बिलाच्या दहा दिवसांची नोंद पुन्हा घालून बिल काढा आणि छापलेल्या जुन्या बिलाशी पैशापैशानं ताडून बघा. रकाने सरकलेत का, तारखा बरोबर येतात का, सगळं. मगच चालू हिशोब तिकडे न्या. आणि दोन मशीनवरून एकाच वेळी नोंदी करायची सवय असेल तर तूर्त एकाच मशीनवर या.

एका बाबतीत मात्र हे जमणार नाही. बऱ्याच संस्थांनी त्या काळात मराठी पावत्यांसाठी सी-डॅकचं जिस्ट कार्ड मशीनमध्ये बसवून घेतलं होतं. तुमचं जुनं मशीन उघडा. मदरबोर्डला उभं लावलेलं वेगळं कार्ड आणि त्यावर तसं नाव दिसलं, तर तुमची मराठी अक्षरं त्या कार्डातून येत होती. नव्या बोर्डावर त्या कार्डाची खाचच नसते. अशा वेळी आकडे वाचवायचे आणि प्रोग्रॅम नव्यानं लिहून घ्यायचा. आकडे वाचवणं अवघड नाही : फॉक्सप्रोच्या नोंदींच्या डीबीएफ फाइली लिब्रेऑफिस कॅल्क या मोफत तक्ता-प्रोग्रॅममध्ये सरळ उघडतात. सभासदांची मराठी नावं तेवढी गचाळ चिन्हांसारखी दिसतील, ती सभासद क्रमांकावरून पुन्हा भरावी लागतील. मार्चअखेरच्या धांदलीत हे काम काढू नका.

प्रश्न : मी डिप्लोमाला आहे. माझ्या रास्पबेरी पाय ४ वर (एका छोट्या पाटीवरचा कॉम्प्युटर) 'यूनेम, जागा, डॅश एम' दिलं की एआर्च ६४ असं उत्तर येतं. पण एआरएम ६४ चं पॅकेज टाकायला गेलो की नकार येतो : पॅकेजचं आर्किटेक्चर एआरएम ६४, सिस्टिमचं एआरएमएचएफ, जुळत नाही. दोन कमांड दोन गोष्टी कशा सांगतात? – विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही खरं बोलतायत, कारण तू दोघींना वेगवेगळं विचारलंस. यूनेम विचारते कर्नलला, म्हणजे थेट चिपशी बोलणाऱ्या सिस्टिमच्या गाभ्याला. पॅकेज टाकणारी डीपीकेजी बघते कर्नलवर बसलेल्या बाकीच्या सिस्टिमला. तुझ्या मेमरी कार्डावर रास्पबेरी पाय ओएसची ३२-बिट आवृत्ती आहे, पण पाय ४ वर ती कर्नल मात्र ६४-बिटचा उचलते. खाली ६४, वर ३२. एआरएमएचएफ हे त्या वरच्या ३२-बिट मजल्याचं नाव.

खात्री करायची तर 'गेटकॉन्फ, जागा, लाँग अंडरस्कोर बिट' दे, त्यात लाँग बिट हे शब्द मोठ्या अक्षरांत. ३२ उत्तर आलं की समज. किंवा 'डीपीकेजी, जागा, दोन डॅश, प्रिंट, डॅश, आर्किटेक्चर'. पॅकेज उतरवायचं असेल तेव्हा या दुसऱ्या कमांडचंच ऐकायचं, यूनेमचं नाही. प्रोजेक्टच्या अहवालात नुसतं 'एआर्च ६४' लिहून मोकळा होऊ नकोस, परीक्षक नेमकं तिथंच बोट ठेवेल.

कार्डावर ६४-बिट आवृत्ती नव्यानं लिही, काम होईल. ती फेब्रुवारी २०२२ पासून अधिकृतपणे मिळते. मात्र मित्राकडे पहिला पाय किंवा साधा पाय झीरो असेल तर त्याला हे सांगू नकोस. त्यांची चिपच ३२-बिटची आहे.

प्रश्न : मी सीए आहे. नवा पातळ लॅपटॉप घेतला, स्नॅपड्रॅगन चिपवाला. बॅटरी सुरेख चालते, ऑफिस चालतं, जुने प्रोग्रॅमही चालले. पण क्लायंटच्या डिजिटल सहीचा यूएसबी टोकन लावला की ड्रायव्हरच (टोकन आणि विंडोजची गाठ घालणारं सॉफ्टवेअर) बसत नाही. तोच टोकन जुन्या डेस्कटॉपवर लगेच चालतो. – वाचक, ठाणे

उत्तर : तुमच्या लॅपटॉपची चिप एआरएम कुळातली आहे. हे कूळ १९८५ मध्ये केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत जन्मलं, फोनमध्ये मोठं झालं आणि आता लॅपटॉपात आलंय. बॅटरी सुरेख चालते ती त्याचीच कृपा. तुमचे जुने प्रोग्रॅम एक्स ६४ साठीचे असूनही चालले, कारण विंडोज ११ त्यांच्या आज्ञांचं चालता चालता एआरएममध्ये रूपांतर करतं. मायक्रोसॉफ्टनं त्या यंत्रणेचं नाव प्रिझम ठेवलंय.

पण हे रूपांतर प्रोग्रॅमपुरतं आहे, कर्नलमध्ये बसणाऱ्या ड्रायव्हरला ते लागू नाही. तो एआरएम ६४ साठीच बनवलेला हवा. टोकन बनवणाऱ्या कंपनीला नेमका हाच प्रश्न लेखी विचारा : विंडोजच्या एआरएम ६४ साठी ड्रायव्हर आहे का? 'विंडोज ११ ला चालतो' हे उत्तर चालवून घेऊ नका. त्यांना बहुधा एक्स ६४ चं विंडोज अभिप्रेत असतं. होकार येईपर्यंत विवरणपत्रं भरायला जुना डेस्कटॉप ठेवा. जुने प्रिंटर, स्कॅनर, सेतू केंद्रातली बोटांचे ठसे घेणारी यंत्रं, यांच्याबाबतही विकत घेण्याआधी हेच विचारायचं.

दुकानात उभ्या उभ्या ओळखायचं तर वरच्या पत्रातलीच सिस्टिम टाइपची ओळ बघा. तिथं 'एआरएम-बेस्ड प्रोसेसर' असं स्वच्छ लिहिलेलं असतं. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत प्रोसेसर आर्किटेक्चरची कमांड देऊन बघायला कुणी सांगितलं तर जपून. ती खिडकी स्वतःच रूपांतरातून चालत असेल तर एआरएम मशीनवरही एएमडी ६४ असं उत्तर देते. एखादा प्रोग्रॅम मूळ एआरएमचा की रूपांतरित, ते टास्क मॅनेजरमध्ये कळतं : डिटेल्समध्ये रकान्यांच्या शीर्षकावर उजवी क्लिक करा आणि आर्किटेक्चर हा रकाना चालू करा.

प्रश्न : मुलानं परदेशातून त्याचा जुना मॅक पाठवलाय. तो इंटेलचा की नवा? – वाचक, मडगाव

उत्तर : डाव्या कोपऱ्यातल्या सफरचंदावर क्लिक करून 'अबाउट धिस मॅक' उघडा. 'चिप' म्हणून पुढे अॅपल एम१ किंवा त्यावरचं काही असेल तर तो एआरएमचा, नोव्हेंबर २०२० नंतरचा. 'प्रोसेसर' म्हणून पुढे इंटेल असेल तर जुना. इंटेल निघाला तर मुलाला थोडं कुरकुरा. मॅकओएस २६ ही इंटेल मॅकसाठीची शेवटची आवृत्ती असं अॅपलनं सांगून टाकलंय, आणि तीही २०१९-२० च्या मोजक्याच मॅकवर चढते.

प्रश्न : माझा डेस्कटॉप कोर २ ड्युओ ई ७५०० चा. त्यावर टायपिंग आणि पोस्टाच्या बचतीचे हिशोब चालतात. सिस्टिम टाइपमध्ये दोन्हीकडे ६४-बिट येतं. ओळखीच्या मुलानं, मशीन पात्र आहे का हे बघणाऱ्या तपासण्या चुकवणारा पेनड्राइव्ह बनवून विंडोज ११ टाकायचा प्रयत्न केला. मागे त्यानंच एका अशाच मशीनवर टाकलं होतं आणि ते चाललं होतं. माझ्या मशीनवर मात्र ते सुरूच होत नाही. ६४-बिट असून का? – वाचक, अकोला

उत्तर : त्यानं मागे टाकलं ती आधीची आवृत्ती असणार. २०२४ मध्ये आलेली २४एच२ ही आवृत्ती सुरू व्हायलाच पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ या आज्ञा लागतात. पॉपकाउंट तशी साधीच : एखाद्या संख्येत १ किती वेळा येतो ते मोजते. पण कोर २ ड्युओच्या पिढीत ती नाही. इंटेलच्या चिपमध्ये ती आली २००८ च्या शेवटी, पहिल्या कोर आय-७ पासून. ६४-बिटचा मूळ संच २००३ चा, त्यानंतर त्यात आज्ञांची भर पडतच गेली आहे. आधीच्या तपासण्या विंडोज स्वतः घ्यायचं, म्हणून त्या चुकवता यायच्या. इथं चिपला आज्ञाच कळत नाही, मग पेनड्राइव्ह काय करणार?

लिनक्स टाकणार असाल तर पेनड्राइव्हवरूनच चालू करून टर्मिनलमध्ये (कमांड द्यायच्या खिडकीत) 'एलएससीपीयू' द्या. पहिलीच ओळ आर्किटेक्चरची असते, आणि खाली फ्लॅग्ज म्हणून लांबलचक यादी येते. तिथं 'एलएम' ही दोन अक्षरं असली की चिप ६४-बिट, आणि 'पॉपसीएनटी' (पॉपकाउंटचंच यादीतलं नाव) नसलं की २४एच२ चा नाद सोडायचा. डेबियन तुमच्या चिपवर आजही चालतं; फाइल घ्यायची ती रत्नागिरीच्या सरांना सांगितलेलीच, एएमडी ६४ ची. रेड हॅट कंपनीच्या लिनक्सच्या वाटेला जाऊ नका, त्यांनी आवृत्ती ९ पासून याच आज्ञा सक्तीच्या केल्या आहेत. बोर्ड डीडीआर २ या जुन्या जातीच्या रॅमचा असेल तर रॅमवर खर्च करू नका. ते पैसे २५६ जीबीच्या साध्या एसएसडीत घाला, टायपिंग आणि पोस्टाच्या बचतीचे हिशोब आरामात होतील.